सहकुटुंब, सहपरिवार चित्रपटाला

लहान मुलांना घेऊन चित्रपटाला जाण्याचा विषय निघाला की आमच्या परिचयातील आईवडील दोन टोकांपैकी एक गाठतात. काही जण मूल शाळेत रुळेपर्यंत चित्रपटगृहाचे नावच काढत नाहीत, तर काही जण स्वतःला पाहायचा असलेला मारधाडीचा चित्रपट निवडतात आणि मूल मांडीवर झोपून जाईल या भरवशावर त्याला सोबत नेतात. दुसरा प्रकार मला अन्यायाचा वाटतो. झोप लागण्यापूर्वी मुलाने जे ऐकलेले आणि पाहिलेले असते, ते रात्री घरी आल्यावर कोणालातरी निस्तरावे लागतेच. आमची मुलगी सात वर्षांची आणि धाकटा चार वर्षांचा आहे. दोघांना घेऊन आम्ही आवडीने चित्रपटाला जातो, पण त्या दिवशीचा चित्रपट पूर्णपणे त्यांचा असतो. आम्हा दोघांना स्वतःसाठी काही पाहायचे असेल, तर मुलांना आजीकडे ठेवून रात्रीच्या खेळाला जाण्याचा मार्ग आहेच. या दोन गोष्टींची सरमिसळ केली नाही, तर निम्मी कटकट दारातच संपते.

चित्रपट निवडताना आम्ही प्रथम प्रमाणपत्र पाहतो. पूर्वी ‘यू’ (सर्वांसाठी खुला), ‘यूए’ आणि ‘ए’ असे ढोबळ वर्ग होते आणि ‘यूए’ म्हटले की त्यात सौम्य विनोदी चित्रपटापासून भुताटकीपर्यंत काहीही असू शकत असे. 2024 च्या नव्या नियमांनी ‘यूए’चे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग केले. ही सोय पालकांच्या खरोखर उपयोगाची आहे, कारण तिकीट काढण्यापूर्वीच वयाचा अंदाज येतो. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो. ‘यूए’मध्ये मात्र मनाई नसून निर्णय पालकांवर सोपवलेला असतो. मुलीसाठी 7+ चालतो म्हणून तो धाकट्यालाही चालेल असे गृहीत धरता येत नाही, त्यामुळे दोघे एकत्र असतील तेव्हा आम्ही ‘यू’च निवडतो. तरीही प्रमाणपत्राचा वर्ग आशयाविषयी सांगतो, लांबीविषयी आणि आवाजाविषयी काही सांगत नाही, हे लक्षात ठेवावे लागते. दीड तासाचा ॲनिमेशनपट चार वर्षांच्या मुलाला झेपतो. अडीच तासांचा कितीही निरागस चित्रपट असला तरी मध्यंतरानंतर त्याचे चित्त थाऱ्यावर राहत नाही. भाषेचाही विचार हवा. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला उपशीर्षकांचा काही उपयोग नसतो, म्हणून परदेशी चित्रपट असेल तर आम्ही हिंदीत डब केलेला खेळ शोधतो, आणि मराठी बालचित्रपट लागला असेल तर प्रश्नच मिटतो.

वेळ सकाळची. या बाबतीत आमच्या घरात मतभेद नाहीत. दुपारच्या झोपेच्या वेळी नेलेले मूल चित्रपटावर नव्हे तर सगळ्या जगावर रागावलेले असते, आणि रविवारी संध्याकाळी मॉलच्या पार्किंगच्या रांगेतच त्याचा उत्साह संपून जातो. सकाळच्या खेळाचे तिकीटही सहसा स्वस्त असते. शिवाय बालचित्रपटाच्या सकाळच्या खेळाला प्रेक्षागृहात बहुतेक लहान मुलेच असतात, त्यामुळे आपल्या मुलाने मोठ्याने विचारलेल्या ‘तो वाईट आहे का?’ या प्रश्नाला मागच्या रांगेतून दुसरेच मूल उत्तर देते आणि कोणी वळून पाहत नाही.

खरी अडचण अंधाराची आणि आवाजाची असते, आणि मोठी माणसे नेमकी हीच गोष्ट विसरतात. घरच्या टीव्हीचा आवाज एका कोपऱ्यातून येतो. चित्रपटगृहात तो पाठीमागून, बाजूंनी आणि काही ठिकाणी डोक्यावरूनही येतो. त्यातही मूळ चित्रपटापेक्षा आधीच्या जाहिराती आणि येऊ घातलेल्या चित्रपटांच्या झलकी अधिक अंगावर येणाऱ्या असतात. तंबाखूविरोधी चित्रफीत हेतूने कितीही योग्य असली, तरी चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ती दिवसभरातील सर्वांत भीतिदायक गोष्ट ठरू शकते. म्हणून आम्ही दिवे चालू असतानाच आत जातो, त्याला पडदा, पायऱ्यांवरचे छोटे दिवे आणि बाहेर जाण्याचा दरवाजा दाखवतो, आणि जाहिराती सुरू झाल्या की तो हवा तर कान झाकून माझ्या कुशीत बसतो. आपल्याकडे खेळापूर्वी राष्ट्रगीत लागते, याचा आम्हाला अनपेक्षित फायदा झाला आहे. शाळेत रोज म्हटले जाणारे गीत त्या अनोळखी अंधारात ऐकू आले की दोघेही ताठ उभे राहतात, मोठ्याने म्हणतात, आणि जागा ओळखीची वाटू लागते.

आसने शक्यतो मागच्या अर्ध्या भागातील, रांगेच्या टोकाची घ्यावीत. पडद्याजवळ बसल्यावर मान वर करून पाहावे लागते आणि चित्र लहान मुलाच्या नजरेत मावत नाही. टोकाला बसले की स्वच्छतागृहाकडे जाताना कोणाचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. थ्री-डीचा चष्मा लहान चेहऱ्यावर टिकत नाही, तो सारखा धरून बसावे लागते. त्यामुळे तो खर्च आम्ही टाळतो. वातानुकूलन नाशिकच्या थंडीशी स्पर्धा करत असते, तेव्हा स्वेटर हवाच. आणि ‘बाहेर जायचे आहे’ असे मुलाने सांगताच कोणतीही हुज्जत न घालता आमच्यापैकी एक जण त्याच्याबरोबर उठतो. बाहेर पोस्टर पाहून, पाणी पिऊन तो बहुधा स्वतःच परत आत जाऊ या म्हणतो. नाही म्हणाला तर राहिले. तिकिटाचे पैसे वसूल करण्यासाठी मुलाला खुर्चीत दाबून बसवण्यात कसली मौज आहे?

खाण्याविषयी थोडक्यात सांगते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा चित्रपटगृहांचा अधिकार मान्य केला, परंतु पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत द्यावे आणि लहान मुलासाठी पालकांना बेताचे खाणे नेता यावे, हेही स्पष्ट केले. धाकट्याचा डबा आम्ही याच आधारावर नेतो. मुलीला पॉपकॉर्नच हवा असतो. तो एकच घेऊन सगळ्यांत वाटायचा, हा घरातील करार आहे.

सासूबाई सोबत असल्या की मजा वाढते. त्यांच्या आठवणीत सर्कल, विजयानंद, हेमलता ही नाशिकच्या चित्रपटगृहांची नावे अजून ताजी आहेत. वाड्यातील चारपाच बिऱ्हाडे एकत्र निघायची आणि बाल्कनीचे तिकीट मिळाले तर तो मोठा मान समजला जायचा, असे त्या मुलांना रंगवून सांगतात. त्यांच्याच तोंडून मुलांनी दादासाहेब फाळके यांचे नाव प्रथम ऐकले. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेल्या या माणसाची गोष्टही एका बापलेकाच्या चित्रपट पाहण्यापासून सुरू होते. 1911 मध्ये फाळके आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्रला, गिरगावात चित्रपट दाखवायला घेऊन गेले. पडद्यावर प्राणी हलताना पाहिल्याचे त्याने घरी सांगितले तेव्हा कोणाचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या कुटुंबाला नेले, तर त्या वेळी येशूच्या जीवनावरचा चित्रपट लागलेला होता, असे सांगितले जाते. पुढे 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदासाची भूमिका याच भालचंद्रने केली आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी स्वयंपाकापासून फिल्म धुण्यापर्यंतची कामे सांभाळली. त्यानंतर फाळके नाशिकला आले.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकाजवळून जाताना मुलीने ‘त्यांच्या चित्रपटात मुलीही होत्या का?’ असे विचारले, तेव्हा 1919 च्या ‘कालिया मर्दन’चा उपलब्ध भाग आम्ही घरी लावला. त्यात श्रीकृष्ण झालेली मंदाकिनी ही फाळक्यांची मुलगी, आणि सुरुवातीलाच ती कॅमेऱ्यासमोर रागाचे, हसण्याचे, रडण्याचे भाव करून दाखवते. मुलीने ते सगळे आरशासमोर करून पाहिले. धाकट्याने मात्र वेगळ्याच कारणासाठी तो चित्रपट अखेरपर्यंत पाहिला: त्यात आवाज नाही. कालिया नागाचे फूत्कार आजीने तोंडाने काढायचे, आणि ते किती मोठ्याने काढायचे हे त्याने ठरवायचे, अशी वाटणी झाली आहे.