सार्लातची मंडई

“आज खायचंय की उद्या?” खरबूज विकणाऱ्या आजींनी विचारलं.

“आज संध्याकाळी.”

त्यांनी हातातलं खरबूज परत ठेवलं, आणखी काही देठापाशी हुंगून पाहिली आणि त्यातलं एक निवडून दिलं. मागे रांग वाढत होती. आजींना घाई नव्हती, आणि रांगेलाही नव्हती!

फ्रान्सच्या दोर्दोन्य भागातल्या या दगडी गावात शनिवारी गल्ल्यागल्ल्यांतून बाजार भरतो. जुन्या वस्त्या जपणारा मालरो कायदा १९६२चा. त्याचा फायदा सुरुवातीलाच मिळालेल्या गावांत सार्लात होतं. इथल्या सेंत-मारी चर्चमध्ये आता मंडई आहे. लहानपणी याच गावात राहिलेल्या जाँ नूवेल या वास्तुरचनाकाराने त्याला अजस्र पोलादी दरवाजे बसवलेत. आधी खटकले, मग आवडले. आत अक्रोड, चीज, बदकाचे नाना प्रकार (मी शाकाहारी, त्यामुळे अक्रोडांवर भागवलं).

जुनं जपायचं म्हणजे कुंपण घालायचं आणि तिकीट लावायचं, हेच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. इथे लोक त्या कमानींखालून पिशव्या घेऊन ये-जा करतात, भाव विचारतात.

आपल्याकडे अशी कुठली जुनी वास्तू बाजारासाठी वापरात आणलीय? मला पुण्याची मंडई आठवली, पण ती तर बांधलीच बाजारासाठी. तुम्हाला एखादी माहीत आहे?