लिलाव बसून होत नाही

आप्पांची दातांची प्लेट ट्रॉलीतल्या कांद्यात पडली, तेव्हा भाव चौदाशेच्या पुढे गेला होता. समोर व्यापारी, ट्रॅक्टरवर शेतकरी, आणि मध्ये आप्पा कांद्यात हात घालून स्वतःचे तीन दात शोधताहेत. "कोणी हसलं नाही, मॅडम," ते माझ्या दातांच्या दवाखान्यात मला म्हणाले. "हसले असते तर बरं झालं असतं. सगळे एकदम गप्प झाले. एक जण हळूच म्हणाला, राहू द्या आप्पा, आज दुसऱ्याला पुकारू द्या."

आप्पा आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारतात. सत्तावीस वर्षं झाली. ज्यांनी तो लिलाव पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पिकअप ओळीनं उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका गाडीपाशी येतो, कांदा हातात घेऊन बघतो आणि पुकारणारा क्विंटलचा भाव चढवत नेतो. मिनिटभरात त्या शेतकऱ्याच्या तीन-चार महिन्यांच्या कष्टाचा आकडा ठरतो. 'बाराशे वीस' आणि 'बाराशे तीस' यांत कुणाचा ऐकण्यात घोळ झाला तर भांडण होतं. आकडा स्वच्छ उच्चारणं ही आप्पांची रोजीरोटी आणि त्यांची इज्जत, दोन्ही.

वर्षभरापूर्वी मोटारसायकलवरून पडून त्यांचे वरचे पुढचे तीन दात गेले होते. मधले दोन आणि डावीकडचा त्यांच्या शेजारचा. तेव्हा घाईत काढघालीची प्लेट बसवून घेतली. टाळूला चिकटून बसणारी, बाजूच्या दातांना तारेच्या आकड्यांनी धरलेली. जेवताना, बोलताना ती चालून जाते. पण छाती भरून ओरडताना ओठ वर उचलला जातो, आतून हवा येते, आणि दिवसभर ताण सोसून सैल झालेले आकडे सुटतात. प्लेट करणाऱ्याचा यात दोष नाही. ओरडण्यासाठी ती केलेलीच नसते.

"मला पक्के दात पाहिजेत," आप्पा म्हणाले. "ब्रिज म्हणतात ना, तो. तीन आठवड्यांत होतो म्हणे. उन्हाळ कांदा सुरू व्हायच्या आत करून टाका."

ब्रिज खरोखरच तीन आठवड्यांत झाला असता. मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी घासून बारीक करायचे, त्यांच्यावर कॅप घालायच्या आणि त्या कॅपना जोडलेले तीन खोटे दात मध्ये पुलासारखे टांगायचे. प्रश्न असा, की पूल ज्या खांबांवर उभा राहणार ते खांब किती भक्कम? डावीकडे सुळा होता. सुळ्याचं मूळ लांब असतं, तो भार घेतो. पण उजवीकडचा दात बारीक मुळाचा. तीन दातांचा भार त्याच्या एकट्यावर टाकता येत नाही, म्हणून त्याच्या पलीकडचा सुळाही घ्यावा लागला असता. आमच्या शास्त्रात १९२६ सालापासून एक ठोकताळा आहे: आधाराच्या दातांच्या मुळांचं हाडातलं क्षेत्रफळ हे गेलेल्या दातांच्या मुळांपेक्षा कमी असू नये. आज तो कुणी अक्षरशः पाळत नाही, पण विचार करायला लावतो. हिशोब असा, की तीन दात बसवण्यासाठी तीन निरोगी दात घासायचे. कॅपसाठी दीड-दोन मिलिमीटर जाड थर उतरवावा लागतो, आणि घासलेलं इनॅमल परत येत नाही.

मी ब्रिजच्या विरोधात नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. शेजारच्या दातांना आधीच रूट कॅनाल झालेलं असेल, मोठमोठी सिमेंटं भरलेली असतील, त्यांना तशाही कॅप लागणारच असतील, तर मी स्वतः ब्रिज सुचवते आणि तो वर्षानुवर्षं उत्तम चालतो. पण आप्पांचे ते तीन दात इतके सुंदर होते की त्यांना ड्रिल लावायला हात धजेना. किडीचा डाग नाही, हिरडी घट्ट. शेजारच्या दातांना मागून पंख चिकटवून बसवायचा ब्रिजही असतो. त्यात फारसं घासावं लागत नाही, पण तो एखाद्या दातासाठी ठीक. तीन दात आणि वर आप्पांचा आवाज त्याला झेपला नसता.

राहिला इम्प्लांटचा मार्ग. हाडात टायटॅनियमचे दोन स्क्रू बसवायचे आणि त्यांच्यावर तीन दातांचा ब्रिज. शेजाऱ्यांना हात नाही. "धातू हाडात राहतो कसा?" आप्पांनी विचारलं. मी त्यांना स्वीडनच्या ब्रोनेमार्क या संशोधकाची गोष्ट सांगितली. सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघायला त्यांनी टायटॅनियमची नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना, हाडानं तिला धरून ठेवलं होतं. १९५२ ची ती गोष्ट, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. आप्पा म्हणाले, "म्हणजे कलम धरल्यासारखं." मी इतकी वर्षं पेशंटना हे समजावते आहे, इतका चपखल शब्द मला कधी सुचला नव्हता.

पण कलम धरायला जमीन लागते. दात गेला की तिथलं हाड झिजायला लागतं, विशेषतः ओठाकडची पातळ भिंत. स्कॅनमध्ये आप्पांच्या हाडाची रुंदी एका जागी जेमतेम चार मिलिमीटर निघाली. त्यात साखर: तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी नऊच्या वर. आणि खिशात तंबाखूची पुडी. या तिन्ही गोष्टी मी त्यांच्यासमोर टेबलावर मांडल्या. इम्प्लांट केलं तर हाडाची भुकटी घालून भर करावी लागेल, खर्च ब्रिजच्या दुपटीहून जास्त, साखर खाली येईपर्यंत मी हात लावणार नाही, आणि तंबाखू बंद. एकूण वर्ष जाईल.

आप्पा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग सोबत आलेल्या सुनेला म्हणाले, "वर्ष काय, द्राक्षाची छाटणी ते छाटणी." पुडी त्यांनी माझ्या टेबलावरच ठेवली. ते नाट्य नव्हतं. पुढच्या दोन महिन्यांत दोनदा तंबाखू खाल्ली, दोन्ही वेळा स्वतःहून फोन करून सांगितली.

मधले महिने भराभर सांगते. साखर सात-सव्वासातवर आली. दोन इम्प्लांट बसवले, भर घातली, हिरडी शिवली. सहा महिने थांबलो. प्लेटला मऊ अस्तर लावून दिलं, पण लिलाव त्या काळात दुसऱ्यानंच पुकारला. आप्पा वजनकाट्यावर बसत होते. त्यांच्या भेटी मी नेहमी अमावास्येला ठेवायचे, कारण त्यांच्या बाजारात अमावास्येला लिलाव बंद असे.

मला ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे, तीही अमावास्याच. इम्प्लांट हाडात घट्ट धरले होते आणि त्या दिवशी तात्पुरता ब्रिज बसवायचा होता. ऍक्रिलिकचे तीन दात, स्क्रूनं आवळलेले, म्हणजे काढून सुधारता येणारे. कायमचे दात करण्याआधी आकार, लांबी, हिरडीची ठेवण आणि बोलणं याच्यावर पारखून घ्यायचं.

बोलणं तपासायची आमची एक रीत आहे. इंग्रजी पुस्तकांत पन्नाशीचे आणि साठीचे आकडे म्हणायला सांगतात, कारण त्यांच्या त्या आकड्यांत फ, व आणि स येतात. मराठीत माझा उतारा आहे वीस ते अठ्ठावीस. 'बावीस' म्हणून बघा. 'वी' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या ओल्या भागाला अलगद टेकते. दात लांब झाले तर ओठात रुततात, आखूड झाले तर ओठ त्यांना शोधत वर जातो. लगेच पुढे 'स'. तेव्हा वरच्या-खालच्या दातांच्या कडा एकमेकींच्या अगदी जवळ येतात, जेमतेम मिलिमीटरभर फट, आणि त्या फटीतून हवा जाते. तिथे थोडं चुकलं की शीळ वाजते.

आप्पांनी खुर्चीत बसून वीस ते अठ्ठावीस म्हटलं. एकही अक्षर हललं नाही. मी खूश. आरसा दिला, सुनेनं फोटो काढला. मी पुढच्या तारखेचं बोलायला लागले.

"मॅडम," आप्पा म्हणाले, "लिलाव बसून होत नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. बरोबर होतं त्यांचं. मी त्यांना पाठीला टेकवून, तोंडावर दिवा मारून, कुजबुजत्या आवाजात आकडे म्हणायला लावले होते. दवाखान्यात ओरडणं शक्य नव्हतं, बाहेर लहान मुलं बसलेली. आम्ही गच्चीवर गेलो. खाली नाक्यावर ट्रकचे हॉर्न, शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घातलेले. आप्पांनी पाय रोवले, हनुवटी वर उचलली आणि पुकारलं: "बाराशे वीस, बावीस, पंचवीस, बाराशे पंचवीस!"

प्रत्येक 'स' मागे बारीक शीळ होती. आणि 'वी' पाशी जीभ अडखळावी तसा आकडा अडखळत होता.

हनुवटी उचलून, पूर्ण ताकदीनं बोलताना त्यांचा खालचा जबडा पुढे येत होता. खुर्चीतली मापं तिथे लागू नव्हती. खाली आलो. ब्रिज काढला. आतल्या बाजूला, जिभेकडे, मी दात जरा जाड ठेवले होते, तिथून घासलं. पॉलिश. पुन्हा बसवला, पुन्हा जिने. शीळ कमी झाली, गेली नाही. पुन्हा खाली. या वेळी मधल्या दोन दातांच्या कडा अर्धा मिलिमीटर उतरवल्या. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती? नखाची कड असते तेवढा. तिसऱ्यांदा वर गेलो तेव्हा 'बावीस' मोकळा झाला, पण 'स' फुसफुसला, म्हणजे आता आतून जरा जास्त घासलं गेलं होतं. खाली येऊन थोडं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, चढवलं. एव्हाना बाहेरचे पेशंट खोळंबले होते आणि माझी असिस्टंट जिन्यात उभी राहून त्यांना समजावत होती. कुणी कुरकुर केली नाही. एक आजोबा म्हणाले, "होऊ द्या, ऐकू येतंय आम्हाला."

चौथ्या वेळी आप्पांनी सुरुवात केली आणि थांबलेच नाहीत. अकराशेपासून चढवत चौदाशे बावीसपर्यंत नेलं. समोर ट्रॉली नाही, व्यापारी नाही, तरी हात प्रत्येक आकड्याला वेगळ्या दिशेला जात होता. पलीकडच्या गच्चीवरची बाई पापड सोडून उभी राहिली. सून तोंडाला पदर लावून रडत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, माझं लक्ष आप्पांच्या खालच्या ओठावर होतं, आणि ओठ दरवेळी कडेला अलगद टेकून सुटत होता.

त्या तात्पुरत्या ब्रिजचा आकार मी स्कॅन करून लॅबला जसाच्या तसा पाठवला आणि सांगितलं, यात सौंदर्याच्या नावाखाली कणभरही बदल करायचा नाही. झिर्कोनियाचा, म्हणजे कणखर सिरॅमिकचा, ब्रिज भट्टीत जवळपास पाचव्या हिश्शानं आकसतो, म्हणून मशीन तो आधी तेवढा मोठा कोरते. त्या सगळ्यातून माझा अर्धा मिलिमीटर टिकेल की नाही याची धाकधूक होती. टिकला. रंगावरून मात्र आप्पांशी वाद झाला. त्यांना पांढरेशुभ्र हवे होते. सकाळच्या उजेडात खिडकीशी उभं करून शेड गाईड, म्हणजे दातांच्या रंगांचे नमुने, त्यांच्या सुळ्याशेजारी धरली, तेव्हा कुठे ए-थ्री या किंचित पिवळसर छटेला तयार झाले.

कायमचा ब्रिज बसून आता तीन हंगाम झाले. ब्रिजच्या खाली फिरवायचा बारीक ब्रश त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो, जिथे पूर्वी पुडी असायची. दर सहा महिन्यांनी तपासणीला येतात आणि खुर्चीकडे जाण्याआधी जिन्याकडे बघतात.

"आधी वर, का आधी तोंड?"

मी म्हणते, आधी ब्रश दाखवा.