हॉर्न दिला की इंजिन मुकं होतं

मॉडेल रेल्वेची छोटी गाडी धावतेय, पुढचा दिवा लागलाय, वेग कमी-जास्त होतोय, फक्त इंजिन मुकं. पॉवर बंद करून थोड्या वेळाने पुन्हा दिली की डिझेल पहिल्यापासून स्टार्ट झाल्याचा आवाज येतो, काही काळ सगळं सुरळीत चालतं आणि हॉर्न दिला की परत तेच. मॉडेल रेल्वेवाल्यांमध्ये अशा तक्रारीवर एक ठरलेला निकाल ऐकायला मिळतो: डीकोडर गेला, नवा मागवा. डीकोडर म्हणजे इंजिनातली छोटी चिप, जी रुळांतून आलेले हुकूम ऐकून मोटर, दिवे आणि आवाज चालवते. मला हा निकाल मान्य नाही. साउंड डीकोडर शंभर डॉलरच्या आसपास जातो, वर टपालखर्च आणि कस्टम्स. आणि दोष दुसरीकडेच असेल तर नवा डीकोडरही त्याच वाटेने जाणार. म्हणून ही दुरुस्ती सविस्तर लिहून ठेवते.

इंजिन आमच्या सोसायटीतल्या काकांचं. ते निवृत्त लोको पायलट. घोरपडी शेडची डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनं घेऊन पुणे-मिरज मार्गावर त्यांची निम्मी नोकरी झाली. अमेरिकेतल्या भाच्याने त्यांना एचओ स्केलचं, म्हणजे १:८७ चं, आल्को या अमेरिकन कंपनीच्या आरएसडी-१५ इंजिनाचं मॉडेल पाठवलं. सेकंडहँड घेतलेलं, साउंड आधीच कुणीतरी बसवलेला. भाच्याची निवड अगदी विचारपूर्वक होती. आरएसडी-१५ हे १९५६ ते १९६० या काळातलं इंजिन, १६ सिलिंडरच्या २५१बी या डिझेल मोटरवर चालणारं, २४०० अश्वशक्तीचं. १९६२ पासून भारतात आलेल्या डब्ल्यूडीएम-२ मध्येही तेच १६ सिलिंडरचं २५१बी, २६०० अश्वशक्तीचं. खालच्या तीन-तीन ऍक्सलच्या ट्रायमाउंट बोगीसुद्धा दोन्हीकडे सारख्याच. आल्कोने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं, पण वाराणसीच्या कारखान्यातून डब्ल्यूडीएम-२ पुढेही अनेक वर्षं बाहेर पडत राहिली. त्यामुळे त्या छोट्या चिपमध्ये भरलेला आवाज काकांच्या कानाला पुरता ओळखीचा आहे.

त्यांची तक्रारही ड्रायव्हरच्या भाषेत आली. "अगं, चौथ्या नॉचपर्यंत ठीक ओढतं. पुढे आवाज फाटायला लागतो. आणि हॉर्न मारला की गप्पच." नॉच म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायच्या पायऱ्या. डब्ल्यूडीएम-२ ला आठ नॉच, रिकामं उभं असताना इंजिनाचे मिनिटाला ४०० फेरे, आठव्या नॉचला १०००. डीकोडरमध्येही आवाजाचे तुकडे असेच पायरीपायरीने भरलेले असतात. काकांनी नॉच सांगितला म्हणून मला लगेच कळलं की आवाज जसा मोठा होतो तसा त्रास वाढतो. दुरुस्तीला आलेल्या माणसाला याहून चांगली माहिती कोण देणार?

सगळ्यात आधी मी नुसती बघत बसले, की नेमकं काय बंद पडतंय आणि काय चालू राहतंय. डीसीसीमध्ये, म्हणजे मॉडेल गाड्या डिजिटल हुकमांनी चालवायच्या पद्धतीत, रुळांवर सतत साधारण १४-१५ व्होल्ट असतात आणि हुकूमही त्याच विजेतून जातात. मोटर, दिवे, आवाज सगळे त्याच दोन रुळांवर जगतात. चाकं किंवा रूळ मळके असते तर दिवा लुकलुकला असता, गाडी अडखळली असती आणि वीज परत आल्यावर स्टार्टचा आवाज आपोआप वाजला असता. इथे यातलं काहीच होत नव्हतं. तरी आयसोप्रोपिल अल्कोहोलने चाकं पुसली, कारण काका विचारणार हे माहीत होतं. फरक शून्य.

मग प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डीकोडरची सेटिंग वाचायच्या-बदलायच्या वेगळ्या रुळावर घेतलं. या क्रमांक दिलेल्या सेटिंगना सीव्ही म्हणतात. सीव्ही ८ म्हणजे डीकोडर कुठल्या कंपनीचा, सीव्ही ७ म्हणजे त्याची आवृत्ती. दोन्ही वाचता आले. हे वाचन फार बोलकं असतं. डीकोडर उत्तर देताना मोटरला क्षणभर झटका देतो, निदान ६० मिलिअँपिअरचा, ६ मिलिसेकंद, आणि तो झटका हुकूम पाठवणाऱ्या कमांड स्टेशनला कळतो. म्हणजे सीव्ही वाचला गेला की प्रोसेसर जिवंत, मोटरचा भाग जिवंत, मधल्या तारा शाबूत, हे एका फटक्यात समजतं. (उलट मात्र खरं नाही. काही साउंड डीकोडर दुबळ्या प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर वाचले जात नाहीत आणि उगाच मेलेले ठरतात.) सगळ्या सीव्हींचे आकडे वहीत उतरवले, मग रीसेट केला. हॉर्न दिला, पुन्हा गप्प.

पुढची चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला काही उघडावं लागत नाही. मास्टर व्हॉल्यूम निम्म्यावर आणला आणि हॉर्न दिला. पूर्ण वाजला. लांबच लांब दिला, तरी वाजला. आठव्या नॉचला नेलं, आवाज सलग. आवाजाची फाइल बिघडली असती तर लहान आवाजातही त्याच जागी तुटली असती. इथे व्हॉल्यूम कमी केला की आजार जातो, म्हणजे प्रश्न करंटचा. ऍम्प्लिफायरला झेपत नाही इतका करंट ओढला जातोय आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतोय. पॉवर काढली की सावरतो. हा डीकोडर मेलेला नव्हता, तो नीट काम करत होता म्हणूनच बंद पडत होता.

आता शेल, म्हणजे इंजिनाचं वरचं कवच, काढलं. डीकोडर कॅप्टॉन टेपखाली, आणि मागच्या हुडमध्ये मोबाइलमध्ये असतात तसले दोन चौकोनी स्पीकर, प्रत्येकाच्या पाठीवर ८ ओहम छापलेलं. डीकोडरच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय: कमीत कमी ८ ओहम. हल्लीचे बरेच डीकोडर ४ ओहमही चालवतात, हा त्यातला नाही.

डीकोडरकडची स्पीकरची एक तार सोडवली आणि मीटर लावला. इथे एक बारीक गोष्ट सांगते. मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना लावून बघायच्या. माझ्या मीटरवर ०.३ दाखवतो, तो पिनांचा आणि वायरींचा स्वतःचा रोध. तो वजा करायचा. एवढ्या लहान आकड्यांत तो धरला नाही तर निदान चुकतं. ८ ओहमच्या चांगल्या स्पीकरचा मीटरवरचा आकडा ७ च्या आसपास येतो, कारण मीटर फक्त तारेच्या गुंडाळीचा डीसी रोध मोजतो. इथे वजाबाकी करून आला ३.६. एक स्पीकर सोडवून मोजला तर ७.२. दुसराही तसाच. दोन्ही उत्तम, पण पॅरललमध्ये जोडलेले. दोन आठांचे चार झाले आणि त्याच व्होल्टेजला करंट दुप्पट. रिकाम्या इंजिनाच्या हलक्या आवाजात ते खपून जातं, हॉर्नला नाही.

उपाय सोपा, दोन्ही सिरीजमध्ये. १६ ओहम झाले. "मग आवाज बसेल की," काका म्हणाले. एका ८ ओहमच्या स्पीकरच्या तुलनेत शक्ती निम्मी होते हे खरं, पण कानाला तो फरक फक्त ३ डेसिबलचा. तेवढ्याने काही बिघडत नाही.

जोडताना दिशा बघायची होती, कारण या स्पीकरवर प्लस-मायनसची खूण नव्हती. साधा दीड व्होल्टचा सेल घेतला, दोन तारा धरल्या आणि टर्मिनलला क्षणभर टेकवल्या. टक् असा आवाज येतो आणि पडदा किंचित बाहेर येतो किंवा आत जातो. दिवा तिरपा धरला तर पडद्यावरची चमक हलताना दिसते. बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेलं टर्मिनल प्लस. तपासल्यावर कळलं की जुन्या जोडणीत एक स्पीकर उलटा होता. एक पडदा हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, आणि सगळ्यात आधी खर्जाचा आवाज एकमेकांत विरतो. आल्कोचा जीवच खर्जात आहे. तो जड, थोडा लंगडत चालल्यासारखा ठोका गेला तर मग कुठलंही डिझेल वाजवा, काय फरक पडतो? ज्या कोणी हे काम करून पैसे घेतले असतील, त्याने एकदा तरी इंजिनाजवळ कान न्यायला हवा होता.

जोडणी सुधारल्यावर हॉर्न पूर्ण वाजला, तरी वरच्या नॉचला बारीक खरखर उरली. भिंगातून बघितलं तर एका पडद्याच्या कडेला लोखंडाचा कीस. स्पीकरमध्ये चुंबक असतं, कुठलाही कीस ते खेचून घेतं. मास्किंग टेपची चिकट बाजू हळूच टेकवून तो उचलला. स्पीकरच्या मागच्या डबीला एका कोपऱ्यात फट होती, तीही पोस्टर चिकटवायच्या पुट्टीने बुजवली. डबीतून हवा गळली तर पुढचा आणि मागचा आवाज मिसळतो आणि पुन्हा खर्जच मरतो.

मग डीकोडर खरंच गेला असं कधी म्हणायचं? माझ्या मते, खात्रीचा ८ ओहमचा एकच स्पीकर थेट त्याला जोडूनही आवाज तुटत असेल, किंवा स्पीकर अजिबात न जोडता नुसता उभा असताना तो हाताला चटका देत असेल, किंवा मोटर नीट जोडलेली असून चांगल्या प्रोग्रॅमिंग ट्रॅकवरही सीव्ही ८ वाचता येत नसेल तेव्हा. त्याआधी कुणी सांगितलं तर पैसे काढू नका.

काकांनी शेवटची तपासणी त्यांच्या पद्धतीने केली. एकेक नॉच चढवत आठव्यापर्यंत नेलं, तिथे ठेवलं, मग एकदम खाली आणलं. टर्बोची शिट्टी उतरताना ऐकली आणि म्हणाले, "हां, हे बरोबर. हॉर्न मात्र आपला नाही." खरंच आहे, तो अमेरिकन पाच सुरांचा हॉर्न. डीकोडरमधल्या बाकीच्या हॉर्नमधला एकही आपल्या गाड्यांसारखा निघाला नाही. शेवटी हॉर्नची स्वतंत्र पातळी निम्म्यावर आणली आणि इंजिनाची पूर्ण ठेवली. हे त्यांनीच सांगितलं.

शेल बसवण्याआधी आतल्या बाजूला मार्करने लिहिलंय: स्पीकर २, सिरीज, १६ ओहम. पुढे कुणी उघडलं तर त्याला मीटर हातात घेण्याआधीच कळेल.