दहा खाटांचं हॉस्पिटल : आमची वाटचाल

रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेला, बाजारपेठेतल्या एका कौलारू घरात वडिलांनी हे हॉस्पिटल सुरू केलं. ओसरीवर ओपीडी, माजघरात चार खाटा, मागच्या पडवीत बाळंतपणाची खोली. बिलं भात घरात आल्यावर मिळत, काही तर आंब्याच्या पेटीवरच मिटत.

आमचं नाव झालं ते मात्र विंचवामुळे. उन्हाळ्यात आणि कापणीच्या दिवसांत लाल विंचू चावलेली माणसं यायची. घामाने निथळलेली, हातपाय गार, आणि थोड्या वेळात फुप्फुसांत पाणी. बरेच जण दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980 च्या दशकात रक्तदाबाच्या प्राझोसिन गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि चाळीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू पुढे एका टक्क्यापर्यंत आले. वडील त्या गोळ्यांची पाकिटं टेबलाच्या खणातच ठेवत. गोळी स्वस्त. रात्रभर नाडी आणि बीपी बघत जागायला माणूस हवा, एवढंच. तो आमच्याकडे होता. पुढे एक्स-रे आला, सोनोग्राफी आली, पण वाड्यावस्त्यांवर लोकांचा विश्वास बसला तो त्या जागरणांनी.

सिझेरियन ही वेगळीच कसरत. भूलतज्ज्ञ बाहेरगावचे. पावसात घाट बंद झाला की पेशंट, नातेवाईक आणि आम्ही, सगळेच रस्त्याकडे डोळे लावून. 2014 मध्ये 108 रुग्णवाहिका सुरू झाली तेव्हा गुंतागुंतीच्या केसेस वेळेत पुढे पाठवता येऊ लागल्या. आमची कमाई त्याने घटली, झोप वाढली. सौदा वाईट नव्हता.

2021 साल सर्वांत जड गेलं. जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा नवजात बाळं गेली आणि फायर ऑडिटचा तगादा राज्यभर सुरू झाला. आम्ही सगळं वायरिंग बदललं; खर्च मोठा होता, पण तो करायलाच हवा होता. एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या जंबो सिलिंडरसाठी रांगा.

खाटा वाढवा, असं बँकवाले दरवर्षी सुचवतात. तिन्ही पाळ्यांना शिकलेल्या नर्स मिळाल्याशिवाय अकरावी खाट टाकायची नाही, हे मी ठरवलंय. मुली ट्रेनिंग घेतात आणि पनवेल-मुंबई गाठतात. त्यांना दोष कसा देणार? आमच्या जुन्या मावशींवर मात्र अख्खा वॉर्ड चालतो.

नियमाप्रमाणे आता दरपत्रक काउंटरपाशी लावलंय. आज्या नातवाकडून ते वाचून घेतात आणि आत येऊन विचारतात, "दाक्तर, ह्यात कमी किती करनार?"