ग्रहणात काही चिरलं होतं का?

आईने ग्रहणात काही चिरलं म्हणून बाळाचं आतडं तुटतं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी लहान मुलांची सर्जन. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बाळाची आजी मला बाजूला घेते आणि हळूच विचारते, "मॅडम, हिने ग्रहण पाळलं नाही, म्हणून तर आतडं असं तुटलं नाही ना?" पाठीमागे ओली बाळंतीण मान खाली घालून बसलेली असते. तिला ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगते: नाही.

लहान आतड्याच्या अ‍ॅट्रेझियात, म्हणजे आतडं जन्मतःच मध्ये बंद किंवा तुटलेलं असतं तेव्हा, पोट उघडलं की वरचं आतडं अंगठ्याहून जाड फुगलेलं दिसतं आणि खालचं शेवयांसारखं बारीक. बऱ्याचदा दोन्ही टोकं सुटी असतात आणि आतडं धरून ठेवणाऱ्या पडद्यात तेवढ्याच जागी व्हीच्या आकाराची खाच असते. गंमत म्हणजे बंद जागेच्या पलीकडेही कधीकधी पित्ताने रंगलेली काळपट शी सापडते, गर्भजलाबरोबर गिळलेली बाळाच्या अंगावरची लवसुद्धा. म्हणजे वाट आधी मोकळी होती, पुढे गर्भातच बंद झाली.

का, ते 1955 साली केपटाउनच्या लोव आणि बर्नार्ड यांनी दाखवलं. गाभण कुत्रीच्या पोटातल्या पिल्लाच्या आतड्याच्या रक्तवाहिन्या त्यांनी बांधल्या, आणि पिल्लं हुबेहूब असंच आतडं घेऊन जन्मली. (हेच ते बर्नार्ड, 1967 साली माणसाचं पहिलं हृदयरोपण करणारे.) रक्तपुरवठा तुटतो, तेवढा तुकडा मरून विरून जातो. सिगारेट आणि रक्तवाहिन्या आकसवणारी काही औषधं यांच्याशी थोडा संबंध दिसलाय. विळी-सुरीशी मुळीच नाही. ड्युओडेनम, म्हणजे जठराला लागून असलेला लहान आतड्याचा पहिला भाग, बंद असेल तर कारण वेगळं. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश बाळांना डाउन सिंड्रोम असतो, त्यामुळे ती तपासणी होतेच.

ऑपरेशनमध्ये फुगलेला भाग शक्य तेवढा काढतो, कारण तो दूध पुढे ढकलत नाही. खालच्या आतड्यात सलाईन सोडून आणखी कुठे अडलंय का ते बघायचं, मग केसाएवढ्या बारीक दोऱ्याने टोकं जोडायची. पुढे नाकातल्या नळीतून येणारं हिरवं पाणी फिकट होईपर्यंत वाट बघायची. "शी झाली का?" हा तेव्हा वॉर्डातला सगळ्यात मोठा प्रश्न.

मला राग येतो तो दोष शोधण्यात घालवलेल्या वेळाचा. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की गुटी देऊन बघत बसू नका, लगेच निघा. आतड्याला पीळ पडला असेल तर काही तासांत ते काळं पडतं.

"पुढच्या खेपेला?" हा प्रश्न आई स्वतः विचारते. बहुतेकींना मी निश्चिंत राहा म्हणते. सफरचंदाच्या सालीसारखं गुंडाळलेलं किंवा बऱ्याच ठिकाणी बंद असलेलं आतडं मात्र क्वचित घराण्यात पुन्हा दिसतं, त्यांना जनुकतज्ज्ञांकडे पाठवते. आणि सोनोग्राफी सातव्या-आठव्या महिन्यात पुन्हा करून घ्यायला सांगते. पाचव्या महिन्यात आतडं बहुधा फुगलेलंच नसतं, मग दिसणार काय?