मोरगावच्या पुढे, सुप्याच्या माळावर

पुण्याहून दिवे घाट चढून सासवड-जेजुरी करत मोरगाव गाठलं की बहुतेक गाड्या गणपतीचं दर्शन घेऊन मागे फिरतात. आम्ही पुढे सुप्याकडे निघालो. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं, 1997 साली जाहीर झालेलं. अभयारण्य म्हणजे गर्द झाडी असं डोक्यात घेऊन येणाऱ्यांची इथे निराशा होते. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं, मधूनच एखादी बोर नाहीतर हिवर, बस. सप्टेंबरात गवत नुकतं फुलोऱ्यात येत होतं. पँटला कुसळं टोचायला अजून अवकाश होता, हे आमचं नशीब.

चिंकारा लगेच दिसली. मादी आणि पाडस, शेपट्या सारख्या हलताहेत. लांबवर नजर पोचणं हेच त्यांचं संरक्षण. धाविक आणि माळटिटवी हे पक्षी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. इथे दाट झाडी उभी केली तर यांनी जायचं कुठे?

घाटात पाहिलेलं गिरिपुष्प आठवत होतं. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड फांदी खोचली तरी जगतं, जमिनीत नत्र वाढवतं आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. बोडक्या, धुपणाऱ्या उतारावर ते लावलं गेलं यात नवल नाही, मातीही धरून ठेवतं. पण पुण्यातल्या टेकड्यांवर त्याच्या दाट सावलीत पाचोळ्याखेरीज फारसं काही दिसत नाही.

अभयारण्याबाहेरच्या माळावर समपातळी चर खोदून ओळीने रोपं लावली होती. शेजारी मेंढरं घेऊन उभे असलेले धनगर मामा म्हणाले, "झाडं लावली की आमाला आत सोडत न्हाईत. जगली तर खालचं गवात जातंय, न्हाई जगली तर म्होरल्या साली पुन्यांदा खड्डं." मी म्हटलं, "पण मामा, बारमाही चराईनं गवत टिकेल का?" ते हसले. "म्हून तर दिवाळी झाली की आमी कोकणात उतरतोय."

माळ राखायचा तर मला हा उपाय सगळ्यात स्वस्त वाटतो: काही काळ चराई थांबवायची, गवताला बी धरू द्यायचं, मग जपून चारायचं. मात्र त्या काळात मेंढरांनी काय खायचं, हे आधी ठरवायला हवं. थोड्या जागेत झटपट दाट झाडी उभी करायच्या मियावाकी पद्धतीत चौरस मीटरला तीन-चार रोपं लावून दोन-तीन वर्षं पाणी घालतात. शहरातल्या मोकळ्या कोपऱ्यात ते शोभतं. 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या माळावर टँकर किती फिरवणार?

हवेतला कार्बन कोण किती साठवतं याचा हिशेब मांडला तर घनदाट जंगल हेक्टरी जास्त साठा करतं, हे मान्य. भीमाशंकरच्या तुटलेल्या रानात झाडंच परतायला हवीत. माळाचा कार्बन मात्र बराचसा मुळांत आणि मातीत असतो. वणवा आला तर वरचं गवत जळतं, खालचा साठा बराचसा शाबूत राहतो आणि पावसात पुन्हा फुटवे येतात. 2019 साली राज्याने 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. रोपं मोजता येतात. गवताच्या काड्या कोण मोजणार? माळ सरकारदरबारी 'पडीक' ठरण्यामागे हेही एक कारण असावं, असं आपलं माझं मत.

जायचं असेल तर पावसाळा सरता सरता, पहाटे निघून जा. चांगली दुर्बीण न्या, पाणी भरपूर ठेवा, आणि परतताना मोरगावात मिसळ खा.