एक, दोन आणि त्याआधीचं पाऊल

आमच्या जुन्या कॉलेजवर बास्केटबॉलच्या सामन्याला पंच म्हणून गेलो की मी पोचल्या पोचल्या मामांकडे कळकाची काठी मागतो. मामा म्हणजे तिथल्या जिमखान्याचे शिपाई, आणि काठी आमच्या सरांची, म्हणजे तिथल्या जुन्या कोचची. जमिनीपासून ३.०५ मीटरवर तिला लाल ऑइलपेंटचा पट्टा मारलेला आहे. रिंगची कडा बरोबर तेवढ्या उंचीवर यायला हवी. टेपने मोजायचं तर दोन माणसं आणि एक स्टूल लागतं, त्यात वाऱ्याने टेप फुगतो. काठी एकट्याला उभी करता येते. सर ती तीन ठिकाणी लावायला सांगायचे, रिंगच्या पुढच्या टोकाला आणि दोन्ही बाजूंना. उघड्या कोर्टवर मुलं रिंगला लोंबकळतात, बोल्ट ढिले होतात आणि पुढचं टोक झुकतं. नजरेला ते कळत नाही. खेळताना कळतं, कारण पुढच्या कडेला लागलेला चेंडू वर न उडता सपाट निघतो आणि रिबाउंडला, म्हणजे परत आलेला चेंडू पकडायला, उभ्या मुली चुकीच्या जागी सापडतात.

त्या दिवशी एक रिंग पुढे दीड सेंटिमीटर खाली होती. मामांनी चारही बोल्ट पान्याने पिळले, खालच्या दोघांमागे एकेक वॉशर घातला, आणि लाल पट्टा कडेला येऊन बसला. सामना दहा मिनिटं उशिरा सुरू झाला म्हणून आयोजकांची कुरकुर ऐकावी लागली. रिंग सरळ नसेल तर बाकीच्या नियमांना काही अर्थ उरत नाही, हे त्यांना कधी पटलेलं मी पाहिलेलं नाही.

सामना मुलींचा होता, आंतरमहाविद्यालयीन झोनलचा, बाद पद्धतीचा. रात्री पाऊस पडून गेलेला. सिमेंटचं कोर्ट आधी वायपरने, मग गोणपाटाने पुसलं, तरी गुलमोहराच्या सावलीतला कोपरा ओलसर राहिलाच.

सरांनी या कोर्टवर तीस वर्षं संघ घडवले. पण त्यांचं खरं काम मला बेंचवर दिसतं. निवड न झालेल्या मुलांना सर घरी पाठवत नसत. त्यांच्या हातात दोन पेनं देत, एक लाल आणि एक निळं, आणि स्कोअरशीट भरायला बसवत. सामन्याच्या चार भागांपैकी, म्हणजे क्वार्टरपैकी, पहिला आणि तिसरा लाल, दुसरा आणि चौथा निळा. दोन गुणांच्या बास्केटला आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीला) भरीव ठिपका, तीन गुणांना शिवाय खेळाडूच्या नंबराभोवती गोल. एक खाडाखोड झाली की अख्खा शीट पुन्हा. त्यातलेच पुढे टेबलवर बसले, शिट्ट्या घेऊन कोर्टवर उतरले. मी त्यांतलाच. त्या दिवशी टेबलवरही सरांचेच दोघं होते, आणि हरलेल्या संघाची कोच माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, सरांचीच विद्यार्थिनी.

दोन्ही संघांच्या मुली बास्केट झाल्यावर पास देणारीकडे बोट दाखवत होत्या. ही सवय मूळची अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे कोच डीन स्मिथ यांची. एकाच विद्यापीठात ३६ मोसम, ८७९ विजय, आणि १९९७ साली निवृत्ती. सरांनी ती कुठूनतरी वाचून उचलली आणि बोट दाखवायला विसरणाऱ्याला ते कोर्टभोवती एक फेरी मारायला लावायचे. आता खेळणाऱ्या मुलींनी ना स्मिथ यांचं नाव ऐकलंय, ना सरांना पाहिलंय. बोट मात्र वर जातं.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या कोर्टवर रिंगच्या उजव्या बाजूला सरांनी पांढऱ्या ऑइलपेंटने दोन पावलं रंगवली होती. उजव्या पावलात १, डाव्या पावलात २. रंग बराच उडालाय, पण उन्हात तिरकं पाहिलं तर अजून दिसतात. ले-अप, म्हणजे पळत येऊन रिंगजवळ उडी मारून चेंडू आत टाकणं, शिकवताना सर तिथे तळहातावर चेंडू ताटासारखा धरून उभे राहायचे. पळत यायचं, उजवा पाय १ वर टेकता टेकता चेंडू उचलायचा, डावा २ वर, आणि वर. चेंडू आधी उचलला की सर तो हात मागे घ्यायचे आणि म्हणायचे, “परत. पाऊल आणि चेंडू बरोबर.” महिनाभर रोज पन्नास वेळा हेच. हे इतक्या वेळा केलंय की आजही कुणाचा ले-अप पाहताना माझ्या डोक्यात सरांच्याच आवाजात आकडे पडतात.

चौथा क्वार्टर, नऊ सेकंद बाकी, ५१-५२. एका गुणाने मागे असलेल्या संघाची कॅप्टन उजव्या बाजूने आत घुसली. आम्ही दोघं पंच. मी लीड, म्हणजे रिंगमागच्या एंडलाईनवर. जोडीदार ट्रेल, मागे. तिची बाजू माझी होती. बचाव करणारी मुलगी अर्धं पाऊल मागे पडलेली. शेवटचा ड्रिबल, म्हणजे चेंडूचा टप्पा, मग चेंडू हातात, डावा, उजवा, डावा, बोर्डाला लावून चेंडू आत. डावा दुसऱ्यांदा टेकला त्याच क्षणी माझी शिट्टी वाजली होती. उघडा पंजा वर, मग दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या. ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू हातात धरून जास्त पावलं. बास्केट रद्द.

बॉल समोरच्या संघाला मिळाला. लगेच फाउल झाला, तो त्या क्वार्टरमधला पाचवा सांघिक फाउल, म्हणून दोन फ्री थ्रो. एक पडला. ५१-५३. शेवटी मध्यरेषेवरून मारलेला चेंडू बोर्डालाही लागला नाही.

कॅप्टन माझ्याकडे आली. आवाज खाली, हात पाठीमागे. “सर, झिरो स्टेप होती ना?” मी म्हणालो, नव्हती. तिने मान डोलावली आणि स्कोअरशीटवर प्रोटेस्टच्या, म्हणजे तक्रारीच्या, रकान्यात काहीही न लिहिता निघून गेली. लिहिलं असतं तरी उपयोग नव्हता. पंचाच्या डोळ्याला काय दिसलं यावर प्रोटेस्ट चालत नाही.

जुना नियम असा होता: ड्रिबल संपवून चेंडू घेताना एक पाय जमिनीवर असेल तर तोच पिव्हट, म्हणजे आधाराचा पाय. दुसरा पाय टाकायचा, पिव्हट उचलायचा, आणि तो परत टेकायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे. १ ऑक्टोबर २०१७ पासून फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, हे बदललं. पळता पळता चेंडू घेतला किंवा ड्रिबल संपवला, तर चेंडू ताब्यात येताना जमिनीवर असलेला पाय मोजायचाच नाही. हीच झिरो स्टेप. त्यानंतर टेकेल तो पहिला, पुढचा दुसरा. जागेवर उभ्या खेळाडूला ही मुभा नाही. आणि पळत पास घेऊन ड्रिबल सुरू करायचा असेल तर दुसरं पाऊल पडायच्या आत चेंडू हातातून सुटायला हवा.

म्हणजे सगळं एका क्षणावर येऊन ठेपतं. चेंडू हातात विसावला किंवा दोन्ही हात एकदम लागले, तेव्हा पाय कुठे होता? जमिनीवर असेल तर डावा शून्य, उजवा एक, डावा दोन, चोख बास्केट. दोन्ही पाय हवेत असतील तर डावा एक, उजवा दोन, डावा तीन, आणि माझी शिट्टी बरोबर.

व्हिडिओ संध्याकाळी आला. कुणीतरी प्रेक्षकांतून बाजूने घेतलेला, सेकंदाला ३० फ्रेमचा. तो मी फ्रेम फ्रेम करून पाहिला. एका फ्रेममध्ये चेंडू जमिनीवरून उसळून वर येतोय, हाताला लागलेला नाही. पुढच्या फ्रेममध्ये उजव्या हाताचा पंजा चेंडूच्या खाली गेलाय, डाव्या हाताची बोटं वरून टेकलीत, आणि डाव्या पायाची टाच उचललेली आहे. चवडा जमिनीवर. बुटाच्या टोकाखाली सावली चिकटलेली दिसते, मध्ये फट नाही. त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये पाय हवेत. एका फ्रेमचा, सेकंदाच्या तिसाव्या भागाचा फरक, आणि तो तिच्या बाजूचा. मग उजवा पाय सरांच्या १ च्या आसपास पडला, डावा २ च्या आसपास. सरांनी शिकवलेल्याच दोन पावलांवर ती चढली होती. फक्त चेंडू त्यांच्या हिशेबापेक्षा एक पाऊल आधी हातात आला, आणि नियम आता तेवढं आधी घेऊ देतो.

मी तिच्या कोचला फोन केला. ती म्हणाली, “दादा, मला पण ट्रॅव्हलिंगच वाटलं. म्हणून तर बेंचवरून उठले नाही.” आम्ही दोघांनी एकाच डोळ्याने पाहिलं होतं. कॅप्टन झिरो स्टेप कोचकडून शिकलीच नव्हती, मोबाईलवर बघून घरच्या गच्चीवर घोटत होती. जोडीदार पंच चोवीस वर्षांचा. त्याला मागून पाय स्वच्छ दिसला होता, पण निर्णय माझ्या बाजूचा म्हणून तो गप्प राहिला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्येष्ठ पंचाने मुठी फिरवल्यावर धाकट्याने पुढे यावं, अशी हवा आम्हीच ठेवलेली नाही.

मला नियम पाठ होता, हे लिहिलंच पाहिजे. २०१७ नंतरच्या प्रत्येक रिफ्रेशर क्लिनिकला मी बसलोय. तिथे पडद्यावर नियम वाचून दाखवतात, तासाभरात चहा येतो, लेखी परीक्षा होते. कोर्टवर उतरवून कुणी पाय दाखवत नाही. वाचलेला नियम डोक्यात राहतो. शिट्टी वाजवणारं जे काही आहे ते दुसरीकडे असतं, आणि तिथे रोज पन्नास वेळा शिकवणारा माणूस बसलेला असतो. त्याला कलम वाचून दाखवून हलवता येत नाही.

आणि सर स्वतः असे नव्हते, हेच मला राहून राहून आठवतं. २०१० साली तीन गुणांची रेषा ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली आणि रिंगपुढचा समलंब चौकोन जाऊन ५.८ बाय ४.९ मीटरचा आयत आला. कॉलेज म्हणालं, पुढच्या वर्षी रंगवू. सरांनी रविवारी आम्हाला बोलावलं. एंडलाईनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर, म्हणजे रिंगच्या बरोबर मध्याखाली, खिळा धरला. त्याला न ताणणारी सुतळी, दुसऱ्या टोकाला खडू. सुतळी ओली झाली की लांबी बदलते म्हणून दर चार हातांनी परत मापायची. बाजूच्या सरळ रेषा साईडलाईनपासून ९० सेंटिमीटर आत. जुन्या रेषेवर काळा रंग स्वतः सरांनी मारला. कुणीतरी म्हणालं, सर, इतकी वर्षं त्या रेषेवरून मारलं आपण. सर म्हणाले, “रेषा आपली नाही रे, खेळाची आहे.” २०१७ चा बदल यायच्या आधीच सर गेले. ती पावलं पुसायची की ठेवायची, हे त्यांच्याकडून ऐकायचं राहिलं.

रविवारी सकाळी सातला मी, कोच, ती कॅप्टन आणि जोडीदार पंच त्याच कोर्टवर जमलो. मी तिला सांगितलं, बास्केट बरोबर होती, माझी चूक झाली. ती म्हणाली, “सर, मला माहीत होतं,” आणि बूट बांधायला बसली. मग आम्ही तिला सावकाश पावलं टाकायला लावली. चेंडू हातात येतो तिथे ती थांबली, आणि कोचने तिच्या डाव्या बुटाभोवती खडू फिरवला. सरांच्या १ च्या मागे, थोडं तिरकं. त्यात ० लिहिलं. मामा बाजूला उभे होते. म्हणाले, खडू टिकायचा नाही, पेंट आणू का? कोचने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो.

पेंट वाळेपर्यंत दुसऱ्या रिंगवर दोनदा वीस-वीस ले-अप घेतले. ती कधी मुद्दाम पाय जमिनीवर असताना चेंडू घ्यायची, कधी हवेत. जोडीदार बाजूने फोन धरून, मी एंडलाईनवर, प्रत्येक वेळी निर्णय द्यायचा आणि मग व्हिडिओशी ताडून बघायचा. पहिल्या वीसमध्ये सहा चुका, सहाही एकाच जातीच्या: चोख बास्केटला ट्रॅव्हलिंग. चूक उभं राहण्यातही होती. मी तिच्या सरळ रेषेत होतो, त्यामुळे चेंडू आणि पाय एकावर एक दिसत होते, मागचं पुढचं कळत नव्हतं. साईडलाईनकडे दोन पावलं सरकलो तेव्हा पंजा आणि चवडा वेगवेगळे दिसायला लागले. पुढच्या वीसमध्ये तीन चुका.

त्या तीनही वेळा डाव्या पायाबरोबर कानात “एक” ऐकू आलं होतं. शनिवारी याच कोर्टवर मुलांचा सामना आहे.